परक्या दरबारात देवाशी इमान

माझा विश्वास सोड, असं मला आजवर कुणीही म्हटलेलं नाही. मी नोकरी करते तिथे देवाच्या विरुद्ध कुणी बोलत नाही. त्याचा विषयच निघत नाही. तो असला काय नि नसला काय, कुणाच्या निर्णयात तसूभर फरक पडत नाही, अशा थाटात सगळा व्यवहार चालतो. माणसाची किंमत आकड्यांवरून ठरते. दिलेला शब्द पाळायचा की नाही, हे समोरचा आपल्या किती उपयोगाचा आहे त्यावर ठरतं. जेवणाच्या सुटीत जो हजर नसेल त्याच्याविषयी बोलायचं, हा तर रोजचाच परिपाठ. माणसं वाईट नाहीत. त्यांच्यातले कितीतरी जण माझ्या अडचणीला धावून आलेत. पण ज्या हवेत आम्ही सगळे श्वास घेतो, त्या हवेत देवाचं भय नाही.

मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आम्ही अग्नीची भट्टी आणि सिंहांचा खड्डा यांच्या गोष्टी ऐकत मोठे झालो. त्यामुळे परीक्षा आली की ती तशीच येणार, समोर ज्वाळा दिसणार, असं माझ्या मनात बसलं होतं. नोकरीत आले तेव्हा लक्षात आलं, इथे भट्टीपर्यंत पोचण्याआधीच माणूस हळूहळू बदललेला असतो. तो कधी बदलला हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

म्हणून मी बायबलमधलं दानीएलाचं पुस्तक पुन्हा उघडलं, आणि पहिल्याच अध्यायावर बरेच दिवस थांबले. ख्रिस्तपूर्व 605 च्या सुमाराची हकिगत आहे. बाबेलचा (बॅबिलॉनचा) राजा नबुखद्नेस्सर याने यहुद्यांचं यरुशलेम जिंकलं, मंदिरातली काही पात्रं नेली आणि त्यांच्याबरोबर राजघराण्यातली, सरदारघराण्यातली हुशार तरुण मुलंही नेली. या मुलांना त्याने तुरुंगात टाकलं नाही. राजवाड्यात ठेवलं. तीन वर्षांचं शिक्षण, खास्द्यांची, म्हणजे बाबेलच्या लोकांची, भाषा आणि विद्या, रोज राजाच्या मेजवानीतलं जेवण, आणि शेवटी दरबारात नोकरी. नावंही नवी दिली. दानीएलाला तर राजाने आपल्या दैवताच्या नावावरून बेल्टशस्सर केलं. एकदाही कुणी म्हटलं नाही की, तुमच्या देवाला शिव्या द्या. तुम्ही आता इकडचे झालात, एवढंच सगळीकडून सांगितलं जात होतं. मला ते वाचताना माझ्या सुरुवातीच्या प्रशिक्षणाचे दिवस आठवले. तिथे कामाच्या पद्धती शिकवल्या, त्या उत्तमच होत्या. पण त्यांच्याबरोबर यश म्हणजे काय, कुणाचं कौतुक करायचं, कशाची लाज वाटून घ्यायची, हेही शिकवलं जात होतं. ते कुठल्याच पुस्तिकेत लिहिलेलं नव्हतं.

आता दानीएलाने काय केलं ते बघण्यासारखं आहे. त्याने भाषा शिकून घेतली. विद्या तर अशी शिकला की राजाने प्रश्न विचारले तेव्हा तो आणि त्याचे तीन मित्र इतरांपेक्षा दसपट सरस ठरले. नवं नाव त्याने झेललं. नोकरीही पत्करली. नाही म्हटलं ते फक्त राजाच्या ताटातल्या अन्नाला आणि द्राक्षारसाला. असं का, यावर अभ्यासकांनी बरंच लिहिलंय. मोशेच्या नियमशास्त्रातले शुद्ध-अशुद्धतेचे नियम हे एक कारण सांगतात. पण द्राक्षारस काही त्या नियमांनी सरसकट निषिद्ध नव्हता. मूर्तींना वाहिलेलं अन्न म्हणावं, तर भाजीपालाही त्याच भांडारातला असणार. आणि पुढे दहाव्या अध्यायात, कोरेश राजाच्या तिसऱ्या वर्षी, म्हातारा दानीएल सांगतो की शोकाच्या तीन आठवड्यांत मी पक्वान्न, मांस, द्राक्षारस यांना शिवलो नाही. म्हणजे एरवी तो हे घेत असला पाहिजे!

हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मला फार मोकळं वाटलं. ती रेघ सर्वांसाठी, सर्व काळासाठी आखलेली नव्हती. घर तुटलं, नाव गेलं, आजूबाजूला सगळं परकं, अशा वेळी आपण कुणाचे आहोत हे रोज तीनदा आठवावं म्हणून त्या तरुणाने देवासमोर, आपल्या मनात, आधीच ठरवून घेतलेली ती गोष्ट होती. 'मनात निश्चय केला' असं आठव्या वचनात आहे, आणि तो निश्चय ताट पुढे येण्याआधीचा आहे, असं मला वाटतं. भुकेल्या पोटी ताटासमोर बसून घेतलेला निश्चय टिकला असता का, मला शंका आहे.

मग मीही एका वहीत लिहायला बसले. कुठल्या गोष्टी मी मनापासून स्वीकारू शकते: काम नीट शिकणं, वरिष्ठांचा मान राखणं, वेळेवर येणं, कंपनीचं भलं चिंतणं. कुठल्या गोष्टी माझ्याकडून होणार नाहीत: खोट्या कागदावर सही, दुसऱ्याच्या कामाचं श्रेय, गैरहजर माणसाची बदनामी. पण या दोन्हींच्या मधली यादीच सर्वांत लांब झाली. कार्यालयातल्या संध्याकाळच्या पार्ट्या तिच्यात होत्या. इतर धर्मांच्या विधींच्या वेळी काय करायचं, हा प्रश्न होता. वरिष्ठांसाठी कुणाचा फोन आला आणि ते शेजारीच बसून 'नाहीत म्हणून सांगा' म्हणाले तर काय करायचं, हाही होता.

ही यादी घेऊन मी मंडळीतल्या एका मावशींकडे गेले. त्यांनी आयुष्यभर सरकारी कचेरीत नोकरी केलेली. त्यांनी मला यादीतल्या एकेका गोष्टीचं उत्तर दिलं नाही. दुसरा राजे, पाचवा अध्याय काढून दिला. अरामी सेनापती नामान कुष्ठरोगातून बरा होतो, परमेश्वरालाच भजेन म्हणतो, आणि लगेच संदेष्टा अलीशाला आपली अडचण सांगतो: माझा धनी रिम्मोनाच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हाताचा आधार घेतो, त्याच्याबरोबर मलाही वाकावं लागतं, याची परमेश्वराने मला क्षमा करावी. आणि अलीशा त्याला एवढंच म्हणतो की, शांतीने जा. "अगं, नामानाने स्वतः होऊन विचारलं," मावशी म्हणाल्या. "ज्याला हे विचारावंसं वाटतं त्याचं मन जागं आहे. तू विचारत राहा. ज्या दिवशी विचारावंसं वाटणार नाही, त्या दिवशी काळजी कर."

पार्ट्यांचा प्रश्न त्या मानाने सोपा निघाला. करिंथच्या मंडळीला पौल स्पष्ट लिहितो की, जगातल्या लोकांशी संबंधच ठेवायचा नाही म्हटलं तर तुम्हाला जगाबाहेर जावं लागेल. आणि प्रभू येशूनेही आपल्या शिष्यांसाठी पित्याजवळ मागताना, त्यांना जगातून काढून घे असं मागितलं नाही, दुष्टापासून राख असं मागितलं. मी जाते, पाणी किंवा सरबत घेते, सगळ्यांशी बोलते आणि आवाज चढू लागले की निघते. फोनच्या बाबतीत मी वरिष्ठांना सांगून टाकलं: "सर, तुम्ही कामात आहात, नंतर बोलाल, असं मी सांगेन." त्यांना ते चाललं. चाललं नसतं तरी मी तेवढंच म्हटलं असतं. पण आपण आधी बोललो तर समोरचा पुष्कळदा ऐकतो, हा माझा अनुभव आहे.

प्रार्थनेबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण खरी लढाई तिथेच झाली. सकाळची प्रार्थना होती, रात्रीचीही होती. मधले सगळे तास देवाविना जायचे, आणि बाबेल माणसाला घडवते ती याच तासांत. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा. स्तोत्र 55 मध्येही संध्याकाळी, सकाळी आणि दुपारी देवाला हाक मारण्याची गोष्ट आहे. मी दुपारचा वेळ ठरवला. जागा मिळेना. मीटिंगच्या खोल्या भरलेल्या, प्रसाधनगृहात सतत ये-जा. शेवटी आगीच्या वेळी वापरायचा जिना सापडला. दोन मजल्यांच्या मधला टप्पा, वर एक दिवा, भिंतीला लाल रंगाचा नळ, खाली कुणीतरी ठेवलेली मोडकी खुर्ची. तिथे उभ्याने एक स्तोत्र वाचायचं, ज्यांच्याबरोबर काम करते त्यांची नावं देवासमोर घ्यायची, आणि परत जागेवर यायचं. फोन जागेवरच ठेवून जायचं. तो बरोबर नेला की स्तोत्र उघडण्याआधी निरोप उघडले जातात.

पहिल्यांदा यात काहीच घडत नाही असं वाटलं. मन कोरडं, डोक्यात अर्धवट राहिलेली कामं. काही दिवस तर घड्याळ बघतच प्रार्थना केली. पण सहाव्या अध्यायातला एक बारीक तपशील मला धरून ठेवत होता. 30 दिवस राजाशिवाय कुणाजवळही मागणं मागायचं नाही, मागेल त्याला सिंहांच्या खड्ड्यात टाकायचं, असा हुकूम निघतो. दानीएल घरी जातो, खिडक्या उघड्याच असतात, आणि तो गुडघे टेकतो, 'पूर्वीप्रमाणे'. संकट आलं म्हणून त्याने नवीन काही सुरू केलं नाही. होतं तेच चालू ठेवलं. त्या वेळी तो ऐंशीच्या पुढचा असणार. तरुणपणी आलेला, बाबेलचं राज्य ख्रिस्तपूर्व 539 मध्ये पडलं तेही पाहिलेला, नवीन राजाच्या हाताखाली तीन अध्यक्षांपैकी एक झालेला. इतक्या वर्षांची ती सवय होती.

आणि त्या खिडक्या यरुशलेमेकडे उघडत. मंदिराच्या समर्पणाच्या वेळी शलमोन राजाने प्रार्थना केली होती की, तुझे लोक पाप करून शत्रूच्या देशात कैद होऊन गेले आणि तिथून या नगराकडे, या मंदिराकडे तोंड करून तुझा धावा करू लागले, तर तू ऐक. दानीएल त्या शब्दांना धरून होता. पण तो ज्या दिशेला तोंड करत होता तिथलं मंदिर ख्रिस्तपूर्व 586 मध्ये जळून गेलेलं, आणि ते अजून पुन्हा बांधलं गेलेलं नव्हतं. डोळ्यांना दिसेल असं तिकडे काही उरलेलंच नव्हतं. माझ्या कोरड्या दुपारी मी हे आठवून जिन्याचा दरवाजा ढकलत असे.

मग ती वर्षअखेर आली.

मी विक्रीच्या हिशेबाचं काम बघते. वर्षाचा शेवटचा दिवस होता, आमच्या विभागाचं उद्दिष्ट थोडक्यात हुकत होतं. एका मोठ्या ऑर्डरचा माल गोदामात बांधून तयार होता, गाडी मात्र दोन दिवसांनी येणार होती. वरिष्ठांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"आजच्या तारखेचं बिल काढा."

"सर, माल अजून गोदामात आहे."

"माल जाणारच आहे. ग्राहक खरा, ऑर्डर खरी, पैसेही खरे. यात खोटं काय आहे?"

त्यांचा मुद्दा कच्चा नव्हता, हे मला कबूल आहे. कुणाचा रुपया बुडणार नव्हता. दोन दिवसांचा तर प्रश्न. पण विक्रीची नोंद केव्हा करायची याचा नियम सरळ आहे: मालाचा ताबा ग्राहकाकडे गेला की. आमच्या करारात, माल वाहतूकदाराच्या हवाली केला की तो ग्राहकाचा, असं होतं. त्या आधी बिल काढलं तर बँक, भागधारक, ज्यांनी ज्यांनी तो ताळेबंद वाचला, त्या सगळ्यांना आम्ही सांगणार की हा माल या वर्षात गेला. गेलेला नसताना.

मी म्हटलं, "सर, ऑर्डर खरी आहे, पण तारीख खोटी होईल. माझ्याकडून ते होणार नाही. उद्दिष्टासाठी खरं जे करता येईल ते मी आता बसून करते, मला दोन तास द्या."

इथे मला दानीएलाच्या पहिल्या अध्यायातली एक गोष्ट कामी आली. तो आधी मुख्य अधिकाऱ्याकडे जातो. त्या अधिकाऱ्याला दानीएलाविषयी माया आहे, पण त्याला भीती वाटते: तुमचे चेहरे उतरलेले दिसले तर राजा माझं डोकं उडवील. दानीएल तिथे वाद घालत नाही. तो त्याची भीती समजून घेतो, आणि मग ज्याच्या देखरेखीखाली तो आहे त्या कारभाऱ्याकडे जाऊन एक ठोस प्रस्ताव ठेवतो: 10 दिवस आम्हाला भाजीपाला आणि पाणी द्या, मग आमची तोंडं बघा आणि तुम्हीच ठरवा. नकाराबरोबर समोरच्याला जगता येईल अशी वाट देणं, हे विश्वासूपणातच मोडतं, असं माझं ठाम मत झालंय. माझ्या वरिष्ठांवरही वरून दबाव होता, त्यांनाही कुणालातरी तोंड दाखवायचं होतं.

मी वाहतूकदारांना फोन लावत सुटले. एकाकडे एक लहान गाडी रिकामी होती. गोदामवाल्यांना विनंती केली, ते थांबले. रात्री माल चढला, पावतीवर चालकाची सही आणि वेळ पडली, आणि तेवढ्याच मालाचं बिल मी त्या तारखेला काढलं. ते बिल पूर्ण खरं होतं. बाकीचा माल राहिला. मग मी दुसरा मार्ग तपासला. माल आमच्याकडेच ठेवून बिल करायचीही एक रीत हिशेबाच्या नियमांत आहे, पण तिला अटी आहेत. ग्राहकानेच तशी मागणी केलेली हवी, माल त्याच्या नावाने वेगळा काढलेला हवा, तो केव्हाही पाठवता येईल अशा स्थितीत हवा, आणि तो दुसऱ्या कुणाला देण्याची आम्हाला मोकळीक नको. मालाची बाजू जमत होती. मागणी मात्र ग्राहकाने केलेली नव्हती. वरिष्ठ म्हणाले, "मग त्यांच्याकडून आता तसं पत्र मागवा." म्हणजे खोटं आम्ही बोलायचं नाही, ग्राहकाकडून बोलवून घ्यायचं. मी पुन्हा नाही म्हटलं. उरलेली ऑर्डर 'हातात असलेली ऑर्डर' म्हणून वेगळी दाखवणारी एक टिपण मी तयार केली, वरच्यांना पाठवता येईल अशी.

ते थकलेले होते. "मला प्रवचन नकोय," ते म्हणाले. मी प्रवचन दिलं नव्हतं, देवाचं नावही घेतलं नव्हतं. पण त्यांना ते ऐकू आलं असावं. त्यांनी फाइल माझ्या हातातून घेतली आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला दिली. त्याने बिल काढलं.

वार्षिक मूल्यमापनात माझ्या नावापुढे 'लवचीकता कमी' असा शेरा आला. जी जागा मला मिळेल असं दोन वर्षं सगळे धरून चालले होते, ती दुसऱ्याला मिळाली. घरी पगारवाढीवर काही बेत अवलंबून होते, ते पुढे गेले. त्या नोंदीचं पुढे काही झालं नाही, कुणाला काही विचारलं गेलं नाही. असत्य उघडं पडलं आणि माझा मान राखला गेला, असं सांगता आलं असतं तर साक्ष ऐकायला गोड झाली असती. तसं झालं नाही. योसेफानेही आपला धनी पोटीफर याच्या बायकोच्या मोहाला नाही म्हटल्यावर त्याला बक्षीस मिळालं नव्हतं, तुरुंग मिळाला होता, आणि तिथे तो काही वर्षं राहिला.

त्या दिवसांत मला तिसऱ्या अध्यायानेच उभं ठेवलं. दूराच्या मैदानात साठ हात उंचीची सोन्याची मूर्ती, वाद्यं वाजताच सगळ्यांनी पालथं पडायचं. दानीएलाचे तिघे मित्र शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो राजाला सांगतात की आमचा देव आम्हाला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे. आणि लगेच पुढचं वाक्य: त्याने न सोडवलं तरी, हे राजा, आम्ही तुझ्या मूर्तीला दंडवत करणार नाही. सुटका होईल म्हणून ते विश्वासू राहिले नाहीत. देव देव आहे म्हणून राहिले. मला जागा मिळाली नाही त्या आठवड्यात मी दुपारी जिन्यात हेच वाक्य म्हणत होते. त्याशिवाय दुसरं काही म्हणता येत नव्हतं.

नकार देण्यापेक्षा अवघड गोष्ट त्यानंतर आली. राग. मी इथे एकटीच सरळ, बाकी सगळे विकले गेलेले, असा विचार रोज दारावर यायचा, आणि त्याला धार्मिक कपडे घातलेले असायचे. हा मोह पार्टीतल्या पेल्यापेक्षा कितीतरी धोक्याचा आहे, कारण तो आल्यावर आपण देवाच्या जास्त जवळ आहोत असंच वाटतं. चौथ्या अध्यायात नबुखद्नेस्सराचं स्वप्न दानीएलाला कळतं. ज्याने त्याचं नगर जाळलं, त्याच राजाचा पाडाव होणार असल्याचं ते स्वप्न! दानीएल काही वेळ सुन्न होतो, घाबरतो, आणि म्हणतो, महाराज, हे स्वप्न तुमच्या वैऱ्यांना लागू पडो. मग तो त्याला वाचण्याचा मार्ग सांगतो: नीतीने वाग, गरिबांवर दया कर. आणि नवव्या अध्यायात, लोकांच्या पापांविषयी देवासमोर बसतो तेव्हा 'त्यांनी पाप केलं' म्हणत नाही. 'आम्ही पाप केलं' म्हणतो. ज्याच्या कारभारात वैऱ्यांना शोधूनही दोष सापडला नाही, तो हे म्हणतो.

तेव्हापासून माझ्या प्रार्थनेत वरिष्ठांचं नाव आलं. नुसतं नाव नाही. त्यांच्या आईच्या शस्त्रक्रियेची तारीख मला माहीत होती, ती आली. ज्या सहकाऱ्याने बिल काढलं त्याच्या डोक्यावर घराचं कर्ज आहे आणि वडील अंथरुणाला खिळलेले आहेत. त्याला मी कधी त्या रात्रीबद्दल बोलून दाखवलं नाही. पुढच्या तिमाहीत त्याचा हिशेब जुळेना तेव्हा त्याच्याबरोबर उशिरापर्यंत बसले. चूक सापडल्यावर तो म्हणाला, "तुम्ही दुपारी त्या जिन्यात जाता ना? माझ्या बाबांसाठी पण काही म्हणता आलं तर म्हणा." मी त्याला विचारून त्यांचं नाव वहीत लिहून घेतलं.

संदेष्टा यिर्मया याने बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांना पत्र लिहिलं होतं. घरं बांधा, त्यांत राहा, बागा लावा, मुलांची लग्नं करा. ज्या नगरात मी तुम्हाला पाठवलंय त्याचं हित बघा, त्याच्यासाठी परमेश्वराजवळ प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचं हित आहे. त्याच पत्रात, लवकरच सुटका होईल असं सांगणाऱ्या संदेष्ट्यांचं ऐकू नका, असंही बजावलंय. हनन्या नावाचा संदेष्टा तर दोन वर्षांत सगळं परत येईल म्हणाला होता. यिर्मयाने 70 वर्षं सांगितली. हे वाचल्यावर नोकरी सोडून कुठल्यातरी 'चांगल्या' जागी जाण्याचा माझ्या मनातला बेत मी बाजूला ठेवला. काहींना देव बाहेर बोलावतो, तेही खरंच आहे. मला त्याने तसं सांगितलेलं नाही.

एकटीने हे जमलं नसतं. राजाच्या स्वप्नाचा पेच पडला तेव्हा दानीएलही आधी घरी जाऊन तिघा मित्रांना सांगतो, आणि चौघे मिळून देवाची दया मागतात. मंडळीतल्या दोन बहिणी आणि मी दर आठवड्याला फोनवर एकत्र येतो. त्यातली एक रुग्णालयात परिचारिका आहे. तिच्याकडे वेगळंच दडपण. रात्रपाळीला माणसं कमी, आणि दर ठरावीक तासांनी प्रत्येक रुग्णाचा ताप, नाडी, रक्तदाब तक्त्यावर हवा. न मोजताच आधीच्या नोंदीच्या आसपासचे आकडे भरून टाकायची तिथे पद्धत पडलेली. ती म्हणाली, मी सगळ्यांसमोर आवाज उठवला असता तर इतरजणी अडकल्या असत्या, आणि त्या बिचाऱ्या आधीच दमलेल्या. तिने आपल्या वाट्याच्या खाटांची फेरी लवकर सुरू करायला सुरुवात केली. जे मोजलं तेच लिहिलं, जे जमलं नाही तिथे रकाना रिकामा सोडून कारण लिहिलं. रिकाम्या रकान्यांवरून तिला बोलणी बसली. मग तिने त्याच रकान्यांच्या आधारे प्रमुख परिचारिकांना दाखवलं की एवढ्या खाटांना एवढी माणसं पुरत नाहीत. अजून माणूस वाढलेला नाही. ती अजून रकाने रिकामे सोडते. आम्ही तिच्या पायांच्या दुखण्यासाठीही प्रार्थना करतो.

तिसरी बहीण घरी असते, आणि तिचा झगडा किशोरवयीन मुलाच्या फोनमधून घरात येणाऱ्या जगाशी आहे. तिच्याकडे तयार उत्तर नाही. ती रोज रात्री त्याच्याशेजारी बसून, त्याने दिवसभरात काय पाहिलं ते विचारते आणि ऐकून घेते, लगेच रागावत नाही. तो सांगतो. माझ्या मते तेच सर्वांत मोठं काम चाललंय आमच्या तिघींत.

आता पुन्हा वर्षअखेर जवळ येतेय. या वेळी मी शेवटच्या संध्याकाळची वाट बघितली नाही. दोन महिने आधीच वरिष्ठांकडे वेळ मागितली, प्रलंबित ऑर्डरींची यादी पुढे ठेवली. कुठला माल खरोखर आधी पाठवता येईल, कुठल्या ग्राहकाला आत्ताच विचारायला हवं, वाहतुकीच्या गाड्या कुठल्या तारखांना राखून ठेवायच्या, हे सगळं त्यात होतं. त्यांनी यादी चाळली. गाड्या राखून ठेवायला परवानगी दिली. "आणि एवढं करूनही कमी पडलं तर?" त्यांनी विचारलं.

"तर कमी पडलं असं लिहू, सर," मी म्हटलं.

ते काही बोलले नाहीत, यादी मात्र ठेवून घेतली. त्या रात्रीची तारीख मी दोघी बहिणींना कळवून ठेवली आहे. परिचारिका बहिणीची तेव्हा रात्रपाळीच आहे, ती जागी असेल.